पेटीतलं हसू

आमच्या असाबा शहरात फिल्ममध्ये कुणी मेलं, की त्याला हसावं लागतं.

शवपेटीत झोपायचं, नाकात कापूस घालून घ्यायचा, डोळे मिटायचे आणि भोवती बायका ऊर बडवून रडतात ते निमूट ऐकायचं. शॉट संपत आला की, कुणी 'कट' म्हणायच्या आधी, कॅमेरा चालू असतानाच डोळे उघडायचे आणि भिंगाकडे बघून हसायचं. कुणी जीभ काढून दाखवतं, कुणी डोळा मारतं. मरणाला कळायला हवं की हे सगळं नाटक आहे, तू उगाच पत्ता टिपून घेऊ नकोस. मग एडिटर तेवढा तुकडा कापून फेकून देतो. घरी फिल्म बघणाऱ्यांना मेलेलं माणूस दिसतं, हसलेलं कधीच दिसत नाही. आणि एकदा हसून झालं की तेच मरण पुन्हा चित्रित करायचं नसतं. वाटेला लावलेल्या पाहुण्याला कुणी परत हाक मारतं का?

तुम्हाला हा खुळचटपणा वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. आमचा प्रोड्युसर ओझोएमेना याच्या एका फिल्ममध्ये एक नट पेटीतून न हसताच उठला. मी असल्या गोष्टी मानत नाही म्हणाला, भात खाल्ला आणि घरी गेला. महिन्याभरात गेला. त्याचं यकृत वर्षभर आधीपासून खराब होतं असं डॉक्टर म्हणाले, पण डॉक्टरचं ऐकतो कोण. तेव्हापासून पेटीचा शॉट असला की ओझोएमेना नदीपलीकडून, ओनित्शाहून स्वतः येतो आणि मॉनिटरसमोर ठाण मांडून बसतो. हसू टेपवर उतरलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तो जागचा हलत नाही.

मी इसिओमा. बारा वर्षं मी कंटिन्युइटीचं काम केलं. म्हणजे काय, तर एक प्रसंग अर्धा सकाळी घेतात आणि अर्धा संध्याकाळी. मधल्या वेळात हिरोच्या शर्टाचं कुठलं बटण उघडं होतं, ग्लासात बिअर कुठपर्यंत होती, सासूने थप्पड कुठल्या हाताने मारली, हे वहीत लिहून ठेवायचं. कपाळावरची जखम डावीकडून उजवीकडे सरकली तर शिव्या मला. नीट जमलं तर कौतुक दिग्दर्शकाचं. अशा अकरा दिग्दर्शकांच्या पाठीमागे मी उभी राहिले. त्यातल्या सात जणांना कॅमेऱ्याचं तोंड कुठं आणि शेपूट कुठं ते कळत नव्हतं, पण खुर्ची पुरुषाची, म्हणून बसले होते.

उभं राहून राहून मी सगळं शिकले. बोलणारी दोन माणसं एकाच दिशेला बघताहेत असं वाटू नये म्हणून कॅमेरा कुठली रेघ ओलांडत नाही, ते शिकले. दुपारचं ऊन थर्माकोलच्या पांढऱ्या तक्त्यावर घेऊन काळ्या चेहऱ्यावर कसं हळूच टाकायचं, ते शिकले. शेजाऱ्याचा जनरेटर धडधडत असला की खिडक्यांना गाद्या लावून संवाद घ्यायचे. कॅमेरा सरकवायचे रूळ आणायला पैसे नसले की कॅमेरामनला सिमेंटच्या ढकलगाडीत बसवून ढकलायचं, फक्त चाकाला आधी तेल घालायचं. मला कुणी शिकवायला बसलं नव्हतं. आमची शाळा म्हणजे शिव्या.

तेराव्या वर्षी ओझोएमेनाने मला फिल्म दिली. मी हुशार म्हणून नाही, मी स्वस्त म्हणून. गोष्ट माझीच होती आणि नऊ दिवसांत संपवायची होती.

गोष्ट माझ्या आईची. अझुका तिचं नाव. माझे वडील गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. वडिलांच्या भावकीने आईवर आळ घेतला की नवऱ्याला हिनेच खाल्लं. निर्दोष असशील तर प्रेत धुतलेलं पाणी पिऊन दाखव म्हणाले. आई ते पाणी प्यायली नाही. माझा हात धरला आणि उन्हं कलताना गावाबाहेर चालू लागली. असाबात येऊन तिने चोवीस वर्षं रस्त्याच्या कडेला अकारा तळले. डाळीच्या त्या गोळ्यांवर मला शिकवलं. गाणी म्हणायची, भांडायची, भरपूर हसायची. दोन वर्षांपूर्वी झोपेत गेली. गावाहून मातीला एक माणूस आला नाही.

गावाची गोष्ट मात्र वेगळी आहे. आमच्या घराण्यात असली रीत कधी नव्हतीच, असं गाव सांगतं. अझुका एका ट्रक ड्रायव्हरबरोबर पळून गेली आणि वर्षाच्या आत वेडी होऊन कुठल्याशा बाजारात मेली. मरणारच होती. सव्वीस वर्षं हेच सांगितलं जातंय, आणि माझ्या चुलत भावांची पोरं हेच ऐकत मोठी झाली. मला फिल्ममध्ये एवढंच म्हणायचं होतं की ती मेली नाही. पाणी नाकारून ती जगली, आणि चांगली जगली. बाकी फिल्म कशीही होवो.

आईचं काम करायला न्वाकाएगो होती; वडीलधाऱ्या बाईला आम्ही मामा म्हणतो, म्हणून मामा न्वाकाएगो. बासष्ट वर्षांची, आवाज खरखरीत, आणि रडायला लागली की अख्ख्या सेटला रडवणारी. पहिल्या दिवशीच तिने मला बजावलं की मला वाक्यं पाठ करायला लावू नकोस, काय झालं ते सांग, मी बोलते. मी सांगितलं. ती बोलली. सहा दिवस आमचं काम असं झकास चाललं की मला वाटलं, आपल्याला दृष्ट लागणार.

सातव्या दिवशी सकाळी ओझोएमेनाची गाडी फाटकातून आत आली आणि तिच्या टपावर दोरीने बांधलेली शवपेटी होती. माझ्या कथेत पेटीच नव्हती.

"शेवट बदललाय," तो उतरता उतरता म्हणाला. "बाई मेली पाहिजे."

मी विचारलं, का. तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी पाणी ओलं का असतं म्हणून विचारलं. नवऱ्याचं पाणी नाकारणारी बाई शेवटी मजेत अकारा तळत बसलेली दाखवली, तर बाजारात आपल्याला दगड मारतील, असं त्याचं म्हणणं. बाईने चूक केली, बाईला शिक्षा झाली, भावकीने पेटीपाशी चार शहाणपणाचे शब्द सांगितले, देवाचा जयजयकार, संपलं. लोकांना तेच हवं असतं. आणि पेटीत चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे. चेहरा दिसला नाही तर आपल्याकडे कुणी मेलं असं धरतच नाहीत. लगेच म्हणतात, ही परत येणार, दुसरा भाग काढताहेत, पहिला कशाला विकत घ्या. ते मात्र खरं होतं. आमच्या बाजाराचा तो नियमच आहे.

"ओगा, ही माझी आई आहे," मी म्हणाले; मालकाला आम्ही ओगा म्हणतो. "ती मेली नव्हती."

"तुझी आई तुझ्या घरी. ही माझी सीडी आहे."

मी जाऊन पेटीच्या झाकणावर बसले. ठरवून नाही, पायांनीच नेलं. सेटवरची माणसं चार पावलं मागे सरकली, कारण पेटीवर कुणी बसत नाही. मी म्हटलं, हा शॉट मी घेणार नाही, काय करायचं ते करा.

ओझोएमेना चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने खिशातून फोन काढून मला दाखवला. कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसून दिग्दर्शक म्हणवणारे तिघे जण सकाळपासून मिरचीचं सूप पीत आहेत, एकाला फोन केला की अर्ध्या तासात येऊन बसेल. कागदावर फिल्म त्याची, टेपा त्याच्या, पेटीसुद्धा त्याची. "तू बसलीस तिथंच बस," तो म्हणाला. "तुला उचलून बाजूला ठेवू आणि शॉट घेऊ. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ठरव."

त्याचं बोलणं खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. मी निघून गेले असते तर माझा मान राहिला असता आणि आई मात्र मेली असती. हॉटेलातल्या कुठल्याही गाढवाने ते काम दुपारपर्यंत उरकलं असतं. सव्वीस वर्षं गाव सांगतंय ते आता सीडीवर आलं असतं, तेही माझ्याच गोष्टीतून. रडू येत होतं, पण रागापुढे त्याला बाहेर यायला वाट मिळेना.

मेकअपच्या खोलीत मामा न्वाकाएगो उघड्या पाठीने पंख्यासमोर बसली होती. वीज नव्हती, पंखा बंद होता, तरी त्याच्याच समोर. मी तिला काय चाललंय ते सांगितलं. ती म्हणाली की ते तिच्या कानावर आलंय. तिने बोटांवर हिशेब केला. आजवर ती तेवीस वेळा मेली होती. विषाने, विजेने, सवतीच्या करणीने, दोनदा बाळंतपणात. जेव्हा जेव्हा गोष्टीतली बाई कुणाचं ऐकेनाशी झाली, तेव्हा तेव्हा प्रोड्युसरने पेटी मागवली.

"मामा, तुला एक विचारू?" मी म्हटलं. "हसायचं कधी असतं?"

"शेवटी."

"शेवटी म्हणजे कधी?"

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बाई चाळीस वर्षं कॅमेऱ्यासमोर होती, तिला दोनदा सांगावं लागत नसे.

"हे बघ न्ने," ती म्हणाली. मुलीला लाडाने आम्ही न्ने म्हणतो, म्हणजे आईच. "पेटी त्याची असेल. हसू माझं आहे. ते कधी हसायचं हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही, आणि सांगणारा अजून जन्माला यायचाय."

मी बाहेर येऊन ओझोएमेनाला सांगितलं की शॉट मी घेते. तो खूश झाला. मला शहाणी पोरगी म्हणाला आणि माझ्यासाठी माल्टचं थंड पेय मागवलं. मी ते प्यायले. तहान लागली होती आणि खोटा मानीपणा करायला वेळ नव्हता.

आता आमच्याकडे प्रसंग घ्यायची रीत अशी: आधी लांबून सगळे एकत्र, मग एकेकाचा चेहरा जवळून, मग ऐकणाऱ्यांचे चेहरे. सगळे तुकडे एडिटरकडे जातात आणि तो त्याला हवी तशी गोधडी शिवतो. त्यात मेलेल्या बाईचा चेहरा पाच ठिकाणी तरी सापडतो. मी ठरवलं की तुकडे पाडायचेच नाहीत. एकच शॉट, सलग. आणि ज्या क्षणी चेहरा दिसेल, त्या क्षणी तो जिवंत असेल. त्याच्याआधी एकही फ्रेम नाही, नंतरही नाही.

माझा कॅमेरामन डुमेबी आळशी माणूस, पण हात दगडासारखा स्थिर. त्याला मी ढकलगाडीत बसवलं. सुरुवात भावकीच्या पायांपासून. धूळ, चपला, काठ्या. मग कॅमेरा हळूहळू वर आणि पुढे, भावकीतल्या थोरल्याचं काम करणाऱ्या पा इलोबाच्या खांद्यामागून; पा म्हणजे बाबा. पेटीची कड आडवी, आतलं काही दिसत नाही. पा पेटीशी पोचतो, वाकतो, बोलायला लागतो, आणि त्याच्या वाकण्याबरोबर कॅमेराही कडेवरून आत डोकावतो. डुमेबीने ऐकून घेतलं, गाडीच्या चाकाकडे पाहिलं आणि विचारलं की मामाला माहीत आहे का. मी हो म्हटलं. पा इलोबाला? त्याला नाही म्हटलं. चाकाला तेल घाल एवढंच डुमेबी म्हणाला.

ओझोएमेना मॉनिटरसमोर बसला. त्याने विचारलं, चेहऱ्याचा वेगळा क्लोजअप कधी घेणार. मी म्हटलं, "ओगा, चेहरा शेवटी येतो. त्यातच, अगदी जवळून." हे अक्षर न अक्षर खरं होतं.

पेटी फणसाच्या झाडाखाली ठेवली होती. मामा त्यात जाऊन झोपली, लेससारखी पांढरी जाळी नीट केली आणि डोळे मिटले. पंधरा बायका भोवती बसल्या. मी 'ॲक्शन' म्हटलं. बायकांनी असा टाहो फोडला की शेजारच्या आवारातली कुत्री ओरडायला लागली. चाक कुरकुरलं नाही. पा इलोबाने असाबातल्या निम्म्या फिल्ममध्ये म्हाताऱ्याचं काम केलेलं, त्याला ऐटीत कसं चालायचं ते सांगावं लागत नव्हतं. त्याने हात वर केला, बायका गप्प झाल्या, तो पेटीवर वाकला.

"मी सांगितलं होतं," पा म्हणाला. "आमच्या घरचं पाणी जी बाई पीत नाही, ती बाई..."

मामा न्वाकाएगोने डोळे उघडले आणि हसली.

मी तिचं हसू तेवीस मरणांत कितीतरी वेळा पाहिलेलं, कारण टेपवर ते नेहमी असतं. ते आपलं उरकायचं हसू असे, दात दाखवून मोकळं व्हायचं. हे तसं नव्हतं. हे पोटातून आलं. ती आधी वाकलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघून हसली, मग कॅमेऱ्याकडे बघून, मग पेटीच्या दोन्ही कडा धरून उठून बसली आणि मान मागे टाकून हसत राहिली. पा इलोबा मागच्या मागे बसला, त्याची लाल टोपी घरंगळत गेली. अर्ध्या बायका पळाल्या, एकीची चप्पल तिथंच राहिली. हसण्याची वेळ अजून आली नव्हती ना, वाक्य संपलं नव्हतं. त्यांना वाटलं खरंच काहीतरी झालं. डुमेबीचा हात हलला नाही.

मी मनात दहा आकडे मोजले आणि 'कट' म्हटलं.

ओझोएमेनाने सुस्कारा टाकला, छातीवर क्रूस काढला. "हसली," तो म्हणाला. "नीट दिसलं. चला." तेवढंच तो बघत होता. त्या मेलेल्या नटापासून पेटीच्या शॉटमध्ये त्याचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर असे, हसू उतरलं की नाही. ते उतरलं, सगळे सुखरूप, त्याचा जीव भांड्यात पडला. पा इलोबाचं वाक्य अर्धं राहिलं, एवढं त्याच्या ध्यानात आलं, पण ते मागाहून आवाजाने घालू म्हणाला. पेटी टपावर चढवली आणि पुलावर गर्दी व्हायच्या आत निघून गेला.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. ये, एवढंच बोलला. ओनित्शाला त्याच्या दुकानाच्या मागे एडिटिंगची खोली आहे, तिथं तो आणि एडिटर बसले होते. पडद्यावर मामा हसता हसता थांबवलेली होती.

"चेहरा कुठाय?" त्याने विचारलं.

"हा काय."

"मेलेला चेहरा."

"मेलेला नाहीये, ओगा."

मग मात्र तो चिडला. त्याने मला चोर म्हटलं, साप म्हटलं, माझ्या मीठभाकरीला जागली नाहीस म्हणाला. मी ऐकून घेतलं. बोलून झाल्यावर तो थकला आणि खुर्चीत बसला. त्याने सगळे मार्ग आधीच बघून ठेवले होते. चेहऱ्याआधीच कापलं तर लोक दुसऱ्या भागाची वाट बघणार, हा घेणार नाहीत. मामाला पुन्हा पेटीत झोपायला सांगितलं, तर ती म्हणाली की ते मरण मी हसून घालवलंय, तुला हवं तर तू झोप. दुसऱ्या नट्यांना विचारलं, तर दुसरीने हसून घालवलेल्या मरणात निजायला अख्ख्या असाबात एक बाई तयार होईना. आणि खरं सांगायचं तर त्याचीही छाती नव्हती. त्याच्या जागी दुसरा असता तर म्हणाला असता, कसली रीत आणि कसलं काय, बाहुली झोपवा पेटीत. पण त्याने त्या नटाला खांदा दिला होता.

शेवटी तो माझ्याकडे बघत राहिला. "तू तुझ्या आईसारखी दिसतेस म्हणे," तो म्हणाला. "पावडर लावून, जाळी टाकून, जरा लांबून घेऊ. तू तर हे मानत नसशील. तू झोप."

मी मानते की नाही हे मलाच ठाऊक नाही. पण त्या क्षणी त्याचा प्रश्नच नव्हता.

"माझ्या आईला मारायला तुम्हाला माझंच तोंड हवंय," मी म्हटलं. "ते मिळणार नाही."

"मग दिग्दर्शक म्हणून तुझं नाव जाणार नाही. कथा म्हणूनही नाही. कुठंच नाही."

बारा वर्षं दुसऱ्यांच्या जखमा सांभाळल्यानंतर मला ते नाव पडद्यावर बघायचं होतं. किती बघायचं होतं ते सांगत बसत नाही. कागद त्याने तयारच ठेवला होता. या फिल्मशी माझा काही संबंध नाही, असं त्यावर लिहिलं होतं. मी सही केली आणि हसू कापणार नाही हे त्याच्याकडून दुसऱ्या कागदावर लिहून घेतलं. एडिटरने साक्षीदार म्हणून सही केली. परतताना पुलावर गाडी अडकली आणि मी शेवटी एकदाची रडले. ड्रायव्हरने रेडिओ मोठा केला, भला माणूस.

फिल्म आली. बाजारात दगड कुणी मारले नाहीत. टोमॅटो विकणाऱ्या बायका गिऱ्हाईक सोडून तो शेवट दोनदा-तीनदा लावून बघत होत्या, असं माझ्या कानावर आलं. पा इलोबाला रस्त्यात पोरं टोपी पडली, टोपी पडली म्हणून चिडवायला लागली. ओझोएमेनाने मला काही कळवलं नाही. चांगलं चाललं असणार, नाहीतर कळवलं असतं.

दोन महिन्यांनी गावाहून निरोप आला. माझे काका ओक्वुदिली आता घराण्यात सगळ्यात थोरले, म्हणजे आमच्याकडे म्हणतात तसे दिओक्पा. त्यांनी भावकी बोलावली होती आणि मला हजर व्हायला सांगितलं होतं. सव्वीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा बोलावलं. मामा न्वाकाएगो म्हणाली जाऊ नकोस. मी म्हटलं, मी त्या घराण्याची लेक आहे, भावकीत बसायचा मला हक्क आहे, तो कुणी काढून घेतलेला नाही. वही पिशवीत टाकली आणि गेले. वहीशिवाय मी कुठंच जात नाही.

काकांच्या ओसरीवर तीस-बत्तीस माणसं होती. पुरुष पुढे, बायका मागे. बैठकीआधी वाटतात ते कोलाचं कडू बी फोडून झालं होतं. मधे स्टुलावर ती सीडी ठेवली होती. काका ऐंशीला टेकलेले, पण आवाज तसाच. त्यांनी सांगितलं की या मुलीने घराण्याची अब्रू चव्हाट्यावर मांडली, आपल्याला प्रेताचं पाणी पाजणारे राक्षस म्हणून दाखवलं. तिने दंड म्हणून बकरा द्यावा आणि सगळ्यांसमोर म्हणावं की हे खोटं आहे.

मी उठून उभी राहिले. "काका, त्या सीडीवर माझं नाव आहे का बघा."

एका चुलत भावाने ती उलटीपालटी करून पाहिली. नव्हतं.

"आपल्या गावाचं? तुमचं?"

तेही नव्हतं. चुलत भाऊ म्हणाला की नाव कशाला पाहिजे, बघणाऱ्याला लगेच कळतं की ही आपलीच गोष्ट आहे.

"कसं कळतं?" मी विचारलं. "आपल्याकडे असं कधी झालंच नाही ना. अझुका ट्रकवाल्याबरोबर पळून गेली. मी लहानपणापासून हेच ऐकतेय. मग ही आपली गोष्ट कशी?"

मागे कुणाचं तरी मूल कुरकुरलं, त्याला गप्प केलं. काकांच्या मानेच्या शिरा तटतटल्या. इतकी वर्षं त्यांना कुणी असा उलट प्रश्न विचारला नव्हता.

"सगळं खोटं दाखवलंय," ते उठून कडाडले. "त्यात तुंबा दाखवलाय, सुकवलेल्या भोपळ्याचा, काळा, घाणेरडा. आम्ही काय रानात राहतो? पांढरा पेला होता. एनॅमलचा, निळ्या काठाचा, कोरा. मी स्वतः बाजारातून आणला होता."

मागच्या रांगेत माझ्या आत्याने तोंडावर हात ठेवला. पुढचा एक तरुण पुतण्या काकांकडे असा बघायला लागला की जणू त्यांना आज पहिल्यांदा बघतोय. काकांना आपण काय बोललो ते कळायला थोडा वेळ लागला. मग ते हळूच खाली बसले.

आईने मला कधी सांगितलं नव्हतं की पाणी कशात होतं. मी अंदाजाने तुंबा धरला होता आणि माझा अंदाज चुकला होता. मी पिशवीतून वही काढली, नवं पान उघडलं. पेला. पांढरा. एनॅमल. काठ निळा. कोरा. काकांनी आणला.

"काका," मी विचारलं, "तिच्या तोंडापुढे धरलात तेव्हा कुठल्या हातात होता?"

काकांची नजर मांडीवरच्या उजव्या हाताकडे गेली. मी ते लिहून घेतलं.